हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात नाना दोनदा जिवंत असायचे.
एकदा लष्कराच्या पेन्शनसाठी,
एकदा पाटबंधारे खात्याच्या.
खडकी बाजारातली तीच बँक, तीच खिडकी,
तरी कागद दोन.
इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं,
एक निळं, एक काळं.
कुठल्या साहेबाला कुठली शाई चालेल, सांगता येत नाही.

मशीन आलं त्या वर्षी खिडकीतली पोरगी म्हणाली,
आजोबा, उजवी तर्जनी ठेवा.
नाना म्हणाले, ती एकाहत्तरलाच जमा केली.
पावती मिळाली नाही.
रांग हसली. पोरगी हसली नाही,
तिनं हळूच मधलं बोट धरून काचेवर टेकवलं
आणि मशीननं महिपती लक्ष्मण कोंढाळकरांना
लगेच ओळखलं.

युद्धाबद्दल एवढंच.
बाकीचं त्यांच्या चालण्यातून कळलं.
एम्प्रेस गार्डनात सगळे गवतावर डबे उघडायचे,
नाना फरसबंदीवर उभे.
'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी दिसली की म्हणायचे,
ह्या माणसाला कळतं.
शेतातून जायची वेळ आली तर पुढे ते,
मागे मी, त्यांच्या चपलेच्या ठशात माझी चप्पल.
पुढे शाळेत 'पावलावर पाऊल ठेवणे' आलं,
तेव्हा बाईंनी सांगितलेला अर्थ
मला फारच साधा वाटला.

मग मुठेचा उजवा कालवा.
सायकल, खाकी पिशवी, फूट-इंच रंगवलेले खांब.
पर्वतीच्या पायथ्याशी किती पाणी होतं,
हडपसरच्या पुढे किती पोचलं.
मधलं कुठे गेलं, हे विचारायचं नसतं.
नानांनी विचारलं.
लोणीजवळ एका बंगल्याच्या कुंपणाखालून
निघालेला बारा इंची पाईप
त्यांनी गुडघे टेकून शोधला,
मातीत तिरकी सळई खुपसत,
वीतभर पुढे, पुन्हा वीतभर,
पूर्वी सुरुंग शोधायचे तसाच,
आणि नोंदवहीत लिहिलं: अनधिकृत.

पंधरा दिवसांत बदली. इंदापूर. चार वर्षं.
आई बोपोडीच्या दोन खोल्यांत आम्हा तिघांना घेऊन.
ते शनिवारी रात्री येत,
रविवारी गळके नळ दुरुस्त करत.
आमचे, मग शेजारच्या पिल्लेंचे, मग अख्ख्या चाळीचे.
पदकांच्या डब्यात पदकांपेक्षा वॉशर जास्त.
अजून आहेत.

मला त्यांचा राग होता, हेही लिहायला हवं.
एक ओळ गाळता आली असती.
एकदा तसं म्हटलंही, जेवताना.
त्यांनी नऊ बोटांनी भाकरी मोडली.
म्हणाले, वाट साफ आहे असं खोटं सांगितलं
तर मागून येणाऱ्याचा पाय जातो.
आणि ताक मागितलं.

मार्चमध्ये गेले.
पलटणीतले दोघं आले, एक काठी टेकत,
एक नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून.
खात्यातून कुणी नाही.
खात्यात त्यांना ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही.

आज नोव्हेंबर. तीच खिडकी. आईची पाळी.
दहाही बोटं धडधाकट,
एकही उमटत नाही.
राखेनं भांडी, सोड्यानं कपडे,
चार वर्षं लोकांच्या मिरच्या कांडल्या, रेघा तिकडे गेल्या.
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
आई पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते,
चूक आपलीच असल्यासारखी.

शेवटी साहेबांनी कागदी फॉर्म दिला.
'मी हयात आहे', खाली सही.
सही झाली. त्यांनी दुसरा सरकवला.
आईनं चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं.
दोनदा?
दोनदा.
काळं पेन उचलत ती म्हणाली,
एवढं लागतं, हे ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.